सुकट, फोन आलाय!

पीपी मामीने हाक मारली की तिच्या केळीच्या वाडीतले बगळे उडायचे. खोटं वाटत असेल तर भुईगावात जाऊन कोणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. एक हात कमरेवर ठेवून ती ओटीच्या पायरीवर उभी राहायची, आमच्या तीन मजली इमारतीकडे तोंड करायची आणि ओरडायची, "सुकट! फोन आलाय!" एकदाच. दुसरी हाक मारणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं. मग मी हातातलं टाकून, कधी एका वेणीला रिबन आणि दुसरी मोकळी अशा अवतारात, जिन्यावरून धावत सुटायचे. कारण सुकट म्हणजे आम्ही. जन्मात मासळीला हात न लावलेलं, शनिवारी उपास करणारं, दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर.

आमच्यावर ही पाळी कशी आली ते सांगते, पण त्याआधी मामीचा फोन. नव्वद सालच्या आसपास आम्ही गिरगावातल्या दीड खोलीतून उठून भुईगावात राहायला आलो. इमारत नवी कोरी, बारा बिऱ्हाडं, नळाला पाणी लहर लागेल तेव्हा, आणि टेलिफोनचा अर्ज केला तर नंबर लागायला इतकी वर्षं की तोवर नातवंडं बोलतील. शेजारीच मामीचं कौलारू घर. विहीर, केळी, सोनचाफ्याची दोन झाडं आणि ओटीवर मेरीच्या तसबिरीखाली, लेसच्या रुमालावर विराजमान झालेला काळा फोन. मामीचा नवरा बोटीवर होता. देवाघरी जाण्यापूर्वी त्याने बायकोसाठी एवढी एक गोष्ट करून ठेवली होती. फोनच्या तबकडीला छोटं पितळी कुलूप असायचं आणि त्याची चावी मामीच्या गळ्यात, क्रुसाच्या शेजारी. तिचं खरं नाव फिलोमिना. ते चर्चच्या वहीत असेल. आम्ही कोणी ते कधी वापरलं नाही.

बाराही बिऱ्हाडांनी तिचाच नंबर आपला म्हणून जगाला दिला. शाळेच्या फॉर्मवर, नोकरीच्या अर्जावर, लग्नाच्या पत्रिकेवर, सगळीकडे एकच नंबर आणि पुढे कंसात पीपी. त्या काळी शेजारच्याचा फोन दिला की असं लिहायची पद्धत होती. पीपीचा अर्थ मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. आमचे बाबा सरकारी कचेरीत मुरलेले, त्यांनी इंग्रजीतला एक भारदस्त अर्थ काढला. मामीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "तसं काय नाय, सुकटभाऊ. पीपी म्हंजे पयलं पूस."

आणि ती पुसायचीच. "कोन? कुनाचा कोन? काम काय?" यातून कोणाची सुटका नव्हती. एकदा बाबांच्या मोठ्या साहेबांचा फोन आला. साहेब घाईत. मामीने त्यांना गाव विचारलं, मुलं किती ते विचारलं आणि एवढ्या दुपारचा फोन करताय तर जेवलात का, तेही विचारलं. साहेब जेवले नव्हते. "मग आदी जेवा. फायल काय पळून जाते?" असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बाबा कचेरीत जीव मुठीत धरून गेले. साहेब म्हणाले, "तुमच्या घरी फार प्रेमळ माणसं आहेत हो."

एवढं पुसूनही एकदा घोटाळा झालाच. इमारतीत पाटील दोन. तळमजल्यावरच्या पाटलांची सून बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेलेली, तिसऱ्या मजल्यावरच्या पाटलांची मुलगी पुण्यालाच कॉलेजच्या होस्टेलवर. एका दुपारी पुण्याहून निरोप आला, पाटलांना सांगा, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मामीने चुकीचा मजला पकडला. बरं, निरोप द्यायची तिची रीत माहीतच आहे तुम्हाला. तिने पायरीवरून, वर मान करून, तिसऱ्या मजल्याचं अभिनंदन केलं. पाटीलकाकू जिथे उभ्या होत्या तिथेच मटकन बसल्या. काका दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून पुण्याला जायला निघाले, ते एसटी स्टँडवर सापडले. तळमजल्यावरच्यांना आपण आजी-आजोबा झाल्याचं कळायला संध्याकाळ झाली. होस्टेलमधल्या त्या मुलीने पुढे दोन वर्षं भुईगावात पाऊल टाकलं नाही.

मामीला हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रत्येक घरातल्या एकेकाला ओटीवर बोलावलं. "आजपासून नावं बंद. नावं दोन-दोन असतात. निशानी एकच." निशाण्या कुठून आणायच्या? समोर कळंबची मासेवाली पाटी टेकून बसली होती. मामीने पाटीकडे बोट दाखवलं. "एकेक उचला." झालं, लिलाव सुरू झाला. तळमजल्यावरच्या पाटलांनी पापलेट पटकावलं, तिसऱ्या मजल्यावरच्यांनी सुरमई. कोणी हलवा झाले, कोणी मांदेली, कोणी बोंबील. बाबा खाली उतरलेच नाहीत. "आम्हाला त्यातलं काही कळत नाही, उरेल ते द्या," असं त्यांनी गॅलरीतून कळवलं. उरली होती पाटीच्या तळाशी पुडीत बांधलेली मूठभर सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. वास असा की पुडी बांधली काय नि सोडली काय, सारखंच.

तेव्हापासून निशाणी सांगितल्याशिवाय मामी कोणालाही बोलवायची नाही. जगातल्या सगळ्या नातेवाइकांना पत्रं लिहून निशाण्या कळवाव्या लागल्या. मोठमोठे लोक फोनवर विचारू लागले, "मांदेली आहेत का घरात?" खरी कसोटी लागली ती माझ्या दादरच्या आत्याची. आत्या कडक सोवळ्यातली. "अहो, ते... ते समुद्रातलं वाळवलेलं द्या ना बोलावून," ती म्हणाली. मामी म्हणते, "समुद्रातलं पुष्कळ वाळत घालतो आमी. कोनतं?" आत्याने खूप आढेवेढे घेतले, रागावली, कुळाचा उद्धार केला. मामी ढिम्म. शेवटी आत्याने तो शब्द उच्चारला आणि फोन ठेवल्यावर डोक्यावरून आंघोळ केली. तिच्या सुनेनेच हे आम्हाला सांगितलं, आणि सांगताना तिला कोण आनंद झाला होता!

दुसऱ्याचा फोन चालू असताना मामी पाठ करून बसायची. मांडीवर सूप, सुपात वाल. कोणाचं बोलणं ऐकू नये म्हणून ती ते वाल खळखळ हलवत निवडायची. बोलणं रंगात आलं की खळखळ थांबायची. मी एकदा तोंडावर म्हटलं, "मामी, तू ऐकतेस." ती जराही ओशाळली नाही. "मी ऐकत नाय गो. ऐकायला येतं." पण तिने ऐकलेलं दुसऱ्याच्या कानावर गेल्याचं एकही उदाहरण मला आठवत नाही. बारा घरांची भांडणं, कर्जं, फसलेली लग्नं, दहावीचे खरे मार्क, सगळं तिच्या पोटात होतं.

मी बारावीत असताना आई गेली. त्या दिवशी खालून हाक आली नाही. दाराची कडी वाजली म्हणून उघडलं तर मामी उभी. गुडघ्यांनी हैराण झालेली बाई दोन मजले चढून आली होती आणि तिला धाप लागली होती. तिने माझा हात धरला, आणि मला कळलं. बाबांनी हॉस्पिटलातून फोन केला होता. आधी निशाणी सांगितली, मग बातमी. मामीला त्याचंच राहून राहून वाटायचं. "एवढ्या दुःखात मानूस, पन सुकट बोलायला नाय विसरला. मलाच लाज वाटली, कशाला पुसलं मी." पुढचा महिनाभर तिच्याकडून आम्हाला जेवण यायचं. त्यासाठी तिने मासळी न लागलेलं नवं पातेलं विकत आणलं होतं. ते पातेलं तिने शेवटपर्यंत वेगळं ठेवलं.

पुढे दिवस पालटले. एकेका घरात फोन आले, मग खिशात आले. पापलेट, हलवा, मांदेली सगळे स्वतंत्र झाले. ओटीवरची वर्दळ आटली. मामी दुपारी पायरीवर बसायची, इमारतीकडे बघायची आणि बोलवायला कोणी नाही म्हणून उगाच कोंबड्यांवर ओरडायची. "आता बगळे पन माजलेत, उडत नायत," असं मला एकदा म्हणाली. मी हसले, पण जिना चढताना वाईट वाटलं. कुवेतच्या पुतण्याने तिला मोबाइल पाठवला. त्याला कुलूप नाही हे बघून तिचा त्यावर विश्वासच बसेना.

आणि मग आले कोड. सायबर कॅफेत जाऊन कसलंही खातं उघडायचं तर आधी मोबाइल नंबर द्या, त्यावर आकडे येतील, ते भरा, मग पुढे. आता प्रत्येकाला काही ना काही घरच्यांपासून लपवायचं असतं. स्वतःचा नंबर दिला की भलत्याच वेळी फोन वाजणार आणि भलताच माणूस तो उचलणार. मग कोणाचा द्यायचा? पहिली अक्कल पापलेटांच्या मुलाला सुचली. त्याला एका मुलीशी गप्पा मारायला दुसरं ई-मेल हवं होतं. त्याने मामीचा मोबाइल नंबर ठोकून दिला आणि धावत ओटीवर आला. मामीने चष्मा लावला, आकडे वाचले आणि फोन पदराआड धरला. "निशानी?"

तिची पीपी पुन्हा सुरू झाली! चेहऱ्यावर असं तेज आलं की काही विचारू नका. हलव्यांच्या आजोबांनी बक्षिसाच्या स्पर्धेत नाव घातलं, बोंबलांच्या सुनेने सासूला चोरून नोकरीचा अर्ज टाकला, सगळ्यांचे कोड मामीकडे. इंग्रजी येत नसलं तरी आकडे तिला येत होते. चर्चच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात ती पेन्सिलीने कोड लिहायची आणि निशाणी सांगितल्यावरच हाताचा पंजा बाजूला करायची. एकाने तिला दाखवून दिलं, "मामी, खाली लिहिलंय, हा कोड कोणालाही सांगू नका." मामीने विचार केला. "कोनाला म्हंजे परक्याला. निशानी सांगनारा परका कसा?"

आता माझं. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. वालीवला पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळायचे. लग्नाचं कोणी काढलं की ठणकावून सांगायचे, मला करायचंच नाही. खरं कारण एकच, बाबा. ते नुकतेच रिटायर झाले होते. आमटीत मीठ समजून साखर घालणारा माणूस. मी गेले तर ते त्या टेबलाशी एकटे जेवायला बसतील, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की माझा घास अडकायचा. पण मलाही माझं घर हवं होतं, खोटं कशाला बोलू? फार हवं होतं. शेवटी एका बुधवारी संध्याकाळी पारनाक्यावरच्या सायबर कॅफेत, लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटवर मी गुपचूप माझी माहिती भरली. नंबर अर्थातच मामीचा. बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, या नंबरवर आधीच एक खातं आहे.

मी तडक ओटी गाठली. "मामी, तुझ्या नंबरवर लग्नाचं खातं कोणी काढलंय?"

"हाय एक," मामी म्हणाली.

"कोणाचं?"

"ज्याची निशानी त्याला ठाव."

"अगं, पण मला नंबर हवाय!"

"तुला?" तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि असं काही हसली की मी कानापर्यंत लाल झाले. "रविवारी चर्चात मिस्सा झाल्यावर अकराला ये. तो मानूस पन येनार हाय, कोड विसरलाय म्हनून. तूच त्याच्याशी बोल, नंबर सोडतो का पूस. बरी साडी नेस."

ते चार दिवस मी जिन्यात प्रत्येकाकडे संशयाने बघत होते. मांदेल्यांचा घटस्फोटित भाचा? तो अलीकडे शीळ फार घालायचा. बोंबलांची थोरली? तिने केस कापले होते. न राहवून मी बाबांना म्हटलं, "आपल्या इमारतीत कोणीतरी चोरून लग्न जुळवतंय." बाबांचा चहा नाकात गेला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "जुळवू दे की. एकेकाची अडचण असते." मला वाटलं, बाबा म्हणजे देवमाणूस, दुसऱ्याला किती समजून घेतात!

रविवार उजाडला. बाबांनी क्रीम रंगाचा शर्ट स्वतः इस्त्री केला. मानेला पावडर लावली. "भाजी आणतो," म्हणाले. भाजीला पावडर लावून जाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही, पण मी माझ्याच घाईत. मी म्हटलं, "मीही जाते मैत्रिणीकडे." ते रस्त्याने गेले. मी कोणी बघू नये म्हणून मागून, केळीच्या वाडीतून, साडी सावरत, चिखल चुकवत निघाले आणि सोनचाफ्याच्या झाडामागून ओटीजवळ पोचले. पायरीशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. हातात भाजीची पिशवी.

मामीने दोघांना बघितलं. जन्मात कधी न पाहिल्यासारखा चेहरा करून तिने विचारलं, "निशानी?"

"सुकट," बाबा म्हणाले.

"सुकट," मी म्हणाले. तोंडातून आपसूक निघून गेलं.

बाबा वळले. त्यांचा चेहरा! पिशवी हातातून पडली. ती रिकामीच होती, नुसतीच फस्सकन बसली. मामीने कपाळाला हात लावला, "अरे देवा, एका घरात दोन-दोन! मी कोनाला बोलवू?" आणि पाठ फिरवून तिने सूप उचललं. वाल खळखळायला लागले.

"तुम्ही भाजी आणायला गेला होतात ना?" मी म्हटलं.

"तू मैत्रिणीकडे गेली होतीस ना?" बाबा म्हणाले.

"बाबा, तुमच्या वयाला..." एवढं बोलले आणि जीभ चावली. वरच्या खिशातून त्यांनी घडी केलेला कागद काढून दिला. वेबसाइटवर भरलेल्या माहितीची प्रत. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस, प्रत ठेवल्याशिवाय काही करायचा नाही. शेवटी, स्वतःबद्दल अधिक काही, अशा रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "अर्जदारास एक मुलगी असून ती विवाहयोग्य आहे. तथापि अर्जदाराच्या एकटेपणाच्या कारणास्तव ती विवाहास नकार देत आहे. सदर कारण दूर करण्याच्या हेतूने हा अर्ज सादर."

मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.

"माझ्यासाठी लग्न करायला निघालात?"

"सुरुवात तशी होती," बाबा चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "मग माहिती भरताना वाटलं, मलाही आवडेल. संध्याकाळी बोलायला कोणी असलं तर. तुझी आई गेल्यापासून मी... तू रागावलीस?"

मी कसली रागावतेय! मी तिथेच पायरीवर बसून हमसून हमसून रडले. आम्ही दोघं दहा-बारा वर्षं एका टेबलाशी जेवत होतो, मीठ दे, ताक घे, आणि एवढी एक गोष्ट एकमेकांना सांगू शकलो नव्हतो. बाबा माझ्या पाठीवर थोपटत होते आणि स्वतःच नाक पुसत होते. मग लक्षात आलं की वालांची खळखळ केव्हाच थांबली आहे.

"मी ऐकत नाय हां," पाठमोरी मामी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

मग ती वळली आणि सरपंचासारखा निकाल दिला. "नंबर पोरीला. सुकटभाऊ, तुमाला दुसरा देते." पदराच्या गाठीतून तिने एक नवं सीमकार्ड काढलं.

"तुमच्याकडे दुसरं होतं?" बाबा चकित. "मग आम्हाला एकत्र कशाला बोलावलंत? कोणाची गोष्ट कोणाला सांगत नाही म्हणता ना?"

"मी सांगितलं काय कोनाला?" मामीने डोळे मोठे केले. "अकरा वाजता या बोलले. दोघांना एकच टायम दिला, मी म्हातारी बाई, चुकते कदी कदी."

पुढचं सगळं तिच्या ओटीवरूनच झालं. माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळाला आधी मामीशी बोलावं लागे. निशाणी मी वेबसाइटवरच्या उत्तरातच कळवून ठेवायचे. निम्मी स्थळं तिथेच गळली. एकाने तर, ही काय थट्टा आहे, म्हणून फोन आपटला. पालघरच्या एका मुलाने मात्र न अडखळता सांगितलं, "सुकट."

"खातोस?" मामी.

"आवडीने."

"ती खात नाय. जबरदस्ती करशील?"

"नाही हो, माझ्या वाट्याला जास्त येईल."

"थांब. बोलावते," मामी म्हणाली, आणि कित्येक वर्षांनी बगळे उडाले. त्या मुलाशी माझं लग्न झालं.

माझ्या लग्नानंतर सहा महिन्यांनी बाबांनीही रजिस्टर लग्न केलं, सफाळ्याच्या एका रिटायर मुख्याध्यापिकाबाईंशी. मामीने साक्षीदार म्हणून सही केली आणि सहीपुढे सवयीने पीपी लिहिलं. ते खोडायला लावलं म्हणून ती त्या साहेबावर चिडली. बाई स्वभावाने लाख, पण मासळीवाचून घास न उतरणाऱ्या. मी पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा जिन्यातच वास आला. आमच्या स्वयंपाकघरात कांद्यावर सुकट परतत होती आणि बाबा, औषध म्हणून घेतो हो, असं म्हणत ताटात वाढून घेत होते. खालून मामी ओरडली, "एवढ्या वर्सांनी निशानी खरी झाली, सुकटभाऊ!" त्या दिवशी दादरच्या आत्याला कोणी काही कळवलं नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी मामीला पक्षाघाताचा झटका आला. हॉस्पिटलात भेटायला गेलेला जो तो उतरलेल्या चेहऱ्याने परत यायचा. पुतण्या कुवेतहून धावत आला, त्यालाही तिने ओळखलं नाही. बाबांनी मला सांगितलं, "जाऊ नकोस, तुला त्रास होईल." मी गेलेच.

खिडकीशेजारची खाट. मामी एवढीशी झालेली. गळ्यात क्रूस होता आणि त्याच्या शेजारी ती फोनच्या कुलपाची चावी. कुलूप कधीचं हरवलं होतं. मी वाकून म्हटलं, "मामी, मी आलेय." तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत मी कुठेच नव्हते. मी माझं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. ती कंटाळली. ओठ वाकडा झाला होता, शब्द घरंगळत येत होते.

"नावं नको," ती म्हणाली. "निशानी?"

"सुकट," मी म्हटलं.

तिचा अख्खा चेहरा उजळला. "सुकट व्हय! बरं घर हाय ते. बापलेक दोगंच. आई नाय गो त्या पोरीला." मग माझ्या हातावर तिने हात ठेवला, कोणाही फोन करणाऱ्याला धीर द्यावा तसा. "थांब हां. बोलावते तिला."

तिने मान खिडकीकडे वळवली. चांगला होता तो एक हात ओढत ओढत कमरेपर्यंत नेला. आणि शेजारच्या खाटेलाही जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "सुकट! फोन आलाय!"

एकदाच. मग ती वाट बघत राहिली, दाराकडे डोळे लावून.

मी उठले, दारापर्यंत मागे मागे गेले आणि तिथून धावत तिच्या खाटेपाशी आले. "आले गं मामी," मी म्हटलं, "आले!"